जनुकांचे पाठभेद आणि आपली परिभाषा

इंग्रजीतील 'व्हेरिअंट' या शब्दाला मराठीत कोणता प्रतिशब्द द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता परिभाषाकारांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. आजच्या वैद्यकात हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, त्या अर्थाचा शब्द वाङ्मयसंशोधकांच्या पदरी फार पूर्वीपासून आहे. तो त्यांनी वैद्यकाकडे पोचवला नाही. परिणामी वृत्तपत्रांनी आणि रुग्णालयांतील बोलण्याने 'दोष' हा शब्द उचलला आणि 'जनुकीय दोष', 'सदोष जनुक' हे शब्दप्रयोग रूढ झाले. एखादा शब्द रूढ झाला म्हणजे तो निरुपद्रवी असतो असे नाही. हा शब्द माणसांच्या घरांत जाऊन काय करतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरण म्हणून अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग आणि त्याच्याशी जोडली गेलेली प्रतिरक्षेची जनुके घेतो. कारण शब्द आणि वस्तू यांची फारकत येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसेल.

'अष्ठीला' हा शब्दच प्रथम पाहू. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या या पुरुषग्रंथीला आपल्या बोलीत नाव नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाला 'लघवीचा त्रास' असतो, किंवा अलीकडे 'प्रोस्टेट वाढलेले' असते. परिभाषेत कोणी तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, कोणी पौरुष ग्रंथी. 'अष्ठीला' हे नाव मात्र जुन्या वैद्यकातून आलेले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या प्रकारांत 'वाताष्ठीला' सांगितली आहे. गुद आणि बस्ती यांच्यामध्ये दगडगोट्यासारखी कठीण गाठ उत्पन्न होऊन मूत्र अडते, असे तिचे वर्णन आहे. अष्ठीला म्हणजे गोटा. सुश्रुताने सांगितला तो रोग; आपण ते नाव निरोगी अवयवाला देऊन टाकले. या परिभाषेप्रमाणे प्रत्येक पुरुष जन्मतःच एक व्याधी घेऊन येतो! हे हसून सोडून देता येईल. परंतु प्राकृत अवस्थेला विकृतीचे नाव देण्याची ही सवय पुढे जनुकांच्या बाबतीत फार महागात पडते.

हा कर्करोग आपल्याकडचा नव्हे, तो पाश्चात्त्यांचा, असा समज पुष्कळ वर्षे होता. तो मोडला तो नोंदवह्यांनी. मुंबईची कर्करोग नोंदवही १९६३ साली सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस उभा राहिला. दिल्लीची नोंदवही अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या कर्करोग रुग्णालयातून त्याच दशकात चालू झाली, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागाची नोंदवही निघाली. दिल्ली, पुणे, कोलकाता या शहरांच्या नोंदींत अष्ठीलेचा कर्करोग आता पुरुषांच्या कर्करोगांत पहिल्या काही स्थानांत असतो. बार्शीच्या नोंदींत त्याचे प्रमाण फार अल्प आहे, आणि अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत ते जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. या अंतराचा बराच भाग आयुर्मानाचा आहे, बराच तपासणीचा; जेथे रक्तातील 'पीएसए' मोजले जाते तेथे रोग सापडतो, न मोजले तर म्हातारपणी तो अंगात असूनही माणूस दुसऱ्याच कारणाने मरतो. तरीही काही भाग वंशागत आहे, याबद्दल वाद नाही. नॉर्डिक देशांतील जुळ्यांचा जो मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात या रोगाच्या प्रवृत्तीतील सुमारे ५७ टक्के वाटा आनुवंशिक मानला गेला. वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेला असल्यास तो होण्याचा संभव साधारणतः दुप्पट होतो.

तेव्हा जनुकांचा शोध घेणे क्रमप्राप्तच होते, आणि आरंभी ज्यांच्यावर संशय गेला ती जनुके प्रतिरक्षेची होती. १९९६ साली अमेरिका व स्वीडन येथील कुटुंबांच्या अभ्यासातून पहिल्या गुणसूत्रावरील एक प्रदेश संशयास्पद ठरला. २००२ साली त्या प्रदेशातील 'आरनेस-एल' या जनुकावर बोट ठेवण्यात आले. पेशीत विषाणू शिरला की इंटरफेरॉनच्या इशाऱ्याने या जनुकापासून बनलेले विकर विषाणूच्या आरएनएचे तुकडे करते. या विकराच्या ४६२ व्या स्थानी काही माणसांत आर्जिनीनऐवजी ग्लुटामीन असते, आणि तसे असल्यास त्याचे काम मंदावते, असे आढळले. त्याच वर्षी भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील एका ग्राहकाचे 'एमएसआर-१' हे जनुकही पुढे आले. २००४ मध्ये स्वीडनमधून जिवाणूंची चाहूल घेणाऱ्या 'टीएलआर-४' या जनुकाची वार्ता आली. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतूनही उत्तर भारतीय रुग्णांच्या इंटरल्यूकिन, टीएनएफ आदी जनुकांवर निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील रुग्णांची संख्या शेकड्यांत मोजावी इतकीच होती. पुढील अभ्यासांत यांतील पुष्कळ निष्कर्षांबाबत एकवाक्यता राहिली नाही. एका देशात जो भेद धोक्याचा ठरला तोच दुसऱ्या देशात निष्क्रिय निघाला.

आरनेस-एलची पुढची कथा तर हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. २००६ साली सॅन फ्रान्सिस्को आणि क्लीव्हलँड येथील संशोधकांना, ज्या रुग्णांत या जनुकाच्या दोन्ही प्रती मंद स्वरूपाच्या होत्या त्यांच्या अष्ठीलेत एक नवा विषाणू सापडला. त्याला 'एक्सएमआरव्ही' असे नाव मिळाले. सर्व कसे जुळून आले! विषाणूंशी झुंजणारे जनुक दुबळे, म्हणून विषाणू टिकला, म्हणून कर्करोग झाला. परंतु अन्य प्रयोगशाळांना तो विषाणू सापडेना. अखेर २०११ मध्ये उलगडा झाला. मानवी अर्बुदाचा एक तुकडा १९९० नंतरच्या दशकात प्रयोगशाळेत उंदरांच्या अंगी एकामागून एक लावून वाढवला जात असताना, उंदरांच्याच जनुकसंचातील दोन विषाणुखंड एकत्र येऊन हा विषाणू जन्माला आला होता, आणि तेथून तो नमुन्यानमुन्यांत पसरला होता. रुग्णांच्या अंगी तो कधीच नव्हता. २०१२ साली मूळ निबंध मागे घेण्यात आला. आपल्या भाषेत याला प्रक्षेप म्हणतात. नकला करणाऱ्याच्या हातून शिरलेली ओवी मूळ कवीच्या नावावर खपावी आणि तिच्यावरून कवीच्या चरित्राची अनुमाने निघावीत, यापेक्षा हे फारसे वेगळे नाही. फरक इतकाच की येथे प्रक्षेप पाच-सहा वर्षांत सापडला. आपल्याकडे कधी कधी शतके जातात.

आज चित्र काय आहे, हे थोडक्यात सांगतो. एका जनुकावर बोट ठेवण्याचे दिवस मागे पडले. संपूर्ण जनुकसंचाची तुलना करून २०२१ साली या रोगाशी संबंधित २६९ स्थाने निश्चित करण्यात आली. २०२३ साली, सुमारे १ लाख ५६ हजार रुग्णांच्या आधारे, ती संख्या ४५१ झाली. प्रत्येक स्थानाचा वाटा अत्यल्प. कित्येक स्थाने जनुकांत नसून जनुकांच्या मधल्या मोकळ्या प्रदेशात आहेत. रोग होण्याचा संभव त्यांवरून काही अंशी सांगता येतो. पण झालेला रोग मंदगतीने चालेल की झपाट्याने हाडांत उतरेल, हे सांगण्यास त्यांचा आतापर्यंत फारसा उपयोग झालेला नाही. आणि रुग्णाला खरी चिंता असते ती याचीच.

येथे आपल्या दुसऱ्या एका शब्दाची अडचण पुढे येते. 'इम्युनिटी' या शब्दाचे मूळ रोमन कायद्यात आहे. 'इम्युनितास' म्हणजे कर आणि सार्वजनिक सेवा यांतून मिळालेली सूट. आपल्याकडील इनाम जमिनीची साराफाळ्यातून सुटका व्हावी तशी ही कल्पना आहे. तीत बळाचा संबंध नाही. मराठीने मात्र 'रोगप्रतिकारशक्ती' असा शब्द केला आणि सुटकेच्या जागी शक्ती आली. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असणार. आहारविहाराने ती वाढवता येणार. आणि रोग झाला तर ती कमी पडली असणार, म्हणजेच रोग्याचे काही चुकले असणार. २०२० साली करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळले गेले ते या शब्दाच्या भरवशावर. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात १९८१ पासून जी संस्था आहे तिच्या हिंदी नावात 'प्रतिरक्षाविज्ञान' हा शब्द आहे. तो मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण रक्षणाची व्यवस्था मोजपट्टीवर चढवण्याचा आग्रह तो धरीत नाही.

अष्ठीलेच्या बाबतीत तर 'शक्ती'ची कल्पना सरळ उलटी पडते. या ग्रंथीत वर्षानुवर्षे मंद दाह चालू राहणे हे कर्करोगाच्या पूर्वपीठिकेचे एक अंग असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि दाह म्हणजे प्रतिरक्षेचा अभाव नसून तिचीच क्रिया होय. अर्बुदाभोवती गोळा झालेल्या प्रतिरक्षा-पेशी कधी त्याला रोखतात, कधी त्याची चाकरी करतात. त्वचेच्या काही कर्करोगांत प्रतिरक्षेला मोकळे सोडणाऱ्या औषधांनी जो चमत्कार केला, तो अष्ठीलेच्या कर्करोगात थोड्याच रुग्णांच्या वाट्याला आला. अमेरिकेत २०१० साली या रोगासाठी मान्यता मिळालेल्या, प्रतिरक्षेवर आधारित पण निराळ्या प्रकारच्या उपचाराने आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढले, इतकेच.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत बळकट पुरावा मात्र 'आयएफएनएल-४' या जनुकात आहे. २०१३ साली सापडलेले हे जनुक एका प्रकारच्या इंटरफेरॉनचे आहे. काही माणसांत ते पूर्ण वाचले जाते आणि त्यापासून प्रथिन बनते; काहींत एका अक्षराच्या भेदामुळे वाचन मध्येच बिघडते आणि प्रथिन बनत नाही. 'दोष' हा शब्द वापरणारा मनुष्य विचारल्याबरोबर सांगेल की दुसरा प्रकार सदोष. प्रत्यक्षात ज्यांचे जनुक 'बिघडलेले' आहे त्यांच्या शरीरातून यकृतदाहाचा 'सी' विषाणू अधिक सहज निघून जातो. ज्यांचे 'धड' आहे त्यांना तो चिकटून राहतो. बरे, मूळ म्हणून 'धड' प्रकाराची बाजू घ्यावी, तर मूळ आहे तोच, आणि आफ्रिकेत आजही तोच बहुसंख्य आहे. पण युरोप व आशियात मागाहून उत्पन्न झालेला 'बिघडलेला' प्रकार पसरत गेला आणि पूर्व आशियात तर त्याने मूळ प्रकाराला जवळजवळ हुसकावून लावले. अष्ठीलेच्या संदर्भात २०१८ साली अमेरिकेतून दोन निबंध आले. एकात आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांच्या अर्बुदांत इंटरफेरॉनच्या जागृतीची जी खूण दिसते तिचा, आणि त्या रुग्णांच्या आयुर्मर्यादेचा, या मूळ प्रकाराशी संबंध दाखवला होता. दुसऱ्यात असे आढळले की या प्रकाराचा आणि कर्करोगाचा संबंध ज्या पुरुषांना लैंगिक संसर्गाचा संभव अधिक होता त्यांच्यात दिसतो. म्हणजे एकच अक्षरभेद, आणि त्याचा अर्थ एका प्रसंगी एक, दुसऱ्या प्रसंगी दुसरा.

साहित्याच्या अभ्यासकाला यात अपरिचित असे काय आहे? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले आणि १९६६ साली पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पाठभेद ही वस्तू काय असते हे शिकवावे लागत नाही. डॉ. वि. सी. सुखटणकरांनी १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हे स्पष्ट केले की भेद आढळला म्हणजे तो चूक असे नव्हे. तो कोणत्या शाखेत आढळतो, कोणत्या लिपीच्या प्रतींत आढळतो, त्याच्या सोबत आणखी कोणते भेद चालतात, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही. जनुकशास्त्रज्ञ आज हेच करतात. त्यांनाही एक प्रत प्रमाण धरावी लागते. ती प्रत कोणती, हे मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी विचारते. २००३ साली जो मानवी जनुकसंच पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, त्याचा सुमारे ७० टक्के भाग न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरी वृत्तपत्रातील जाहिरात वाचून रक्त देण्यास आलेल्या एका अनाम माणसाचा आहे. तो निरोगीपणाचा आदर्श होता म्हणून निवडला गेला असे मुळीच नाही. बार्शीच्या शेतकऱ्याच्या किंवा करोलबागेतील निवृत्त कारकुनाच्या जनुकात 'भेद' आहे, याचा शब्दशः अर्थ इतकाच होता की त्याचे अक्षर या बफेलोकराच्या अक्षराहून निराळे आहे. त्याला दोष म्हणणे म्हणजे हाती लागलेली पहिली पोथी व्यासांची स्वहस्ताक्षरातील मानून इतर सर्व पोथ्या अशुद्ध ठरवण्यासारखे आहे.

इंग्रजीभाषक वैद्यकाला हे उमगले आहे. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेने २०१५ साली अशी शिफारस केली की 'म्युटेशन' आणि 'पॉलिमॉर्फिझम' हे शब्द टाकून सर्वत्र 'व्हेरिअंट' हाच तटस्थ शब्द वापरावा आणि त्याला रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चितार्थ, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी अशी पाच विशेषणे लावावीत. 'अनिश्चितार्थ' हा वर्ग पाहून कोणाही पाठचिकित्सकाला आपल्या टिपणवहीतील प्रश्नचिन्हे आठवतील. मराठी पत्रव्यवहारात आणि वृत्तपत्रांत मात्र या पाचही वर्गांना अजून 'दोष' किंवा फार तर 'उत्परिवर्तन' म्हटले जाते.

आता दिल्लीकडे वळू, कारण या प्रश्नाचा भाषांशी असलेला आणखी एक संबंध येथेच तयार झाला. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात, माल रोडवर, जी जनुकशास्त्रीय संस्था आहे, तिच्या पुढाकाराने या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय जनुकभेदांची पाहणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधात ५५ अंतर्विवाही समाजांतील १,८७१ व्यक्तींचा अंतर्भाव होता. या समाजांना जातींच्या नावांऐवजी संकेताक्षरे दिली गेली आणि त्या संकेतांचा पहिला घटक होता भाषाकुल: इंडो-युरोपीय, द्राविड, तिबेटी-ब्रह्मी, ऑस्ट्रो-आशियाई; त्यापुढे दिशा, त्यापुढे समाजाचा आकार. म्हणजे रक्तातील पाठांचे वर्गीकरण प्रथम भाषेने केले गेले. सुखटणकरांनी लिपीवरून प्रतींचे गट पाडले तसेच हे झाले. सोय म्हणून ते समर्थनीय आहे. पण आपण भाषांचे अभ्यासक हे जाणतो की मराठीला 'इंडो-युरोपीय, पश्चिम' अशी चिठ्ठी लावून तिचे काम संपत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे मराठी समाजाची सोयरीक उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींच्या मध्ये उभी आहे. मामाच्या मुलीशी लग्न येथे पुष्कळ जातींत चालते, दिल्लीच्या आसपास ते निषिद्ध आहे. विवाहाची रीत बदलली की जनुकांची वाटणी बदलते. भाषाकुलाच्या चिठ्ठीवर हे दिसत नाही.

इरावतीबाईंचा उल्लेख येथे केवळ आदरापोटी केलेला नाही. 'युगान्त'साठी १९६८ चा साहित्य अकादेमी पुरस्कार ज्यांना मिळाला, त्याच इरावतीबाईंनी त्याच वर्षी कै. मल्होत्रांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली होती. 'युगान्त' उभे आहे ते भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवर. पाठभेद आणि रक्तगट ही दोन्ही क्षेत्रे एकाच लेखणीखाली नांदू शकत होती. आज दिल्लीत ती एकाच आवारात असून एकमेकांना ओळखत नाहीत. अलीकडे 'जीनोम इंडिया' या प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच फरीदाबाद येथील केंद्रात ठेवले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुले झाले. एवढी मोठी पोथीशाळा राजधानीच्या वेशीवर उभी राहिली आणि भारतीय भाषांच्या एकाही नियतकालिकात तिची वास्तपुस्त झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

हा केवळ विद्वानांचा शब्दच्छल नव्हे, हे सांगण्यासाठी एका सामान्य प्रसंगाची कल्पना करू. साठीच्या एका गृहस्थांना हा रोग झाला. त्यांना दोन मुलगे आणि लग्नाची एक मुलगी. गुडगाव-नोएडा भागातील खाजगी प्रयोगशाळा हल्ली रक्तावरून किंवा लाळेवरून जनुकांची तपासणी करून देतात. अहवाल इंग्रजीत येतो. घरातील शिकलेला मुलगा तो वडिलांना मराठीत समजावून सांगतो: 'बाबा, आपल्या जीन्समध्ये दोष आहे.' या वाक्यातील 'आपल्या' या शब्दात सगळे कुटुंब आले. जेथे अजून सोयरीक जुळवताना घराण्याचे रक्त पाहिले जाते, तेथे हे वाक्य चार भिंतींत राहत नाही. वडिलांना वाटते, मुलांना आपण रोग दिला. मुलगी गप्प होते. आणि ज्या भेदावरून हे सर्व घडले तो कदाचित अनिश्चितार्थ या वर्गातला असतो, किंवा त्याने संभव शंभरात काही अंशांनी वाढवलेला असतो.

'संभव' म्हणालो, कारण 'रिस्क' या शब्दाचीही आपण नीट व्यवस्था लावलेली नाही. मराठीत आपण 'धोका' म्हणतो. दिल्लीतील मराठी माणसाची यात वेगळीच पंचाईत होते. शेजारी हिंदीत 'धोखा' म्हणतात तेव्हा त्यांना फसवणूक अभिप्रेत असते. धोका हा असतो किंवा नसतो, त्याचे अंश होत नाहीत. 'जोखीम' हा व्यापारातला शब्द अधिक बरा. पण जोखीम माणूस जाणूनबुजून पत्करतो, जनुके कोणी पत्करलेली नसतात. प्रारब्ध आणि कर्मविपाक यांची भाषा आपल्याकडे समृद्ध आहे, चुकीची आणि प्रायश्चित्ताचीही आहे. या दोहोंच्या मधोमध जो कमीअधिक संभवाचा प्रदेश आहे त्याची नावे फार थोडी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की संशोधनात सहभागी होणाऱ्याला संमतिपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. नियम उत्तम आहे. परंतु ते भाषांतर पुष्कळदा कामाच्या घाईत, कोश हाताशी न घेता होते, आणि ज्या विद्यापीठीय विभागांत अनुवादावर परिसंवाद भरतात तेथपर्यंत ते कागद कधी येत नाहीत. यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. 'दोष' हा शब्द टाकून दिल्याने खरोखर घातक भेदांवर पांघरूण पडणार नाही काय? 'बीआरसीए-२' या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकातील काही भेद अष्ठीलेचा कर्करोग लवकर आणतात आणि आक्रमकही करतात. त्याच भेदांनी मुलींना स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा मोठा संभव असतो. तेथे सौम्य शब्द वापरून चालणार नाही. हे मान्य आहे. परंतु पाठचिकित्सेतही भ्रष्ट पाठ असतोच. त्याला भ्रष्ट म्हणण्यापूर्वी पुरावा द्यावा लागतो, एवढेच. 'रोगकारक पाठभेद' असे म्हटल्याने गांभीर्य कमी होत नाही. उलट, सगळ्याच भेदांना दोष म्हणत राहिलो तर या थोड्या घातक भेदांसाठी वेगळा शब्द उरत नाही.

उपमेच्या मर्यादाही मला दिसतात. ग्रंथाला कर्ता असतो आणि संपादक मूळ संहितेकडे परत जाण्याची आस धरतो. जनुकांच्या पाठांत मागे जाण्यात काही पुण्य नाही, हे वर पाहिलेच. पण त्यामुळे उपमा निकामी होत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून एकनाथांनी शके १५०६ मध्ये जी संहिता सिद्ध केली ती आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत यांतील अंतराबद्दल गेले शतकभर वाद झाले. तरी वारकऱ्यांच्या हाती असलेल्या पाठाला कोणी रोगट म्हटले नाही.

राहिला प्रश्न शब्दाच्या निवडीचा. केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग १९६१ पासून दिल्लीत आहे आणि सर्व भारतीय भाषांना चालेल असा संस्कृतोद्भव शब्द शोधण्याचा त्याचा प्रघात आहे. त्या दृष्टीने 'पाठभेद' सोयीचा आहे. हिंदी आणि बंगाली या भाषांत तो आहेच, तमिळ संपादकांच्या वापरातही तो आहे. हिंदीत त्याच्या जोडीला 'पाठांतर' हा शब्दही याच अर्थाने चालतो, तो मात्र मराठीला घेता येणार नाही, कारण आपल्याकडे पाठांतर म्हणजे घोकंपट्टी. 'जनुकपाठ' आणि 'पाठभेद' अशी जोडी मला सुचवावीशी वाटते. ज्यांना ती फार पंडिती वाटेल त्यांनी नुसते 'भेद' म्हणावे, 'दोष' म्हणू नये. उर्दूत तर याहून सुंदर व्यवस्था आहे. तेथे पाठभेदांना 'इख्तिलाफ-ए-नुसख' म्हणतात. आणि 'नुस्खा' म्हणजे हस्तलिखित प्रतही आणि हकिमाने लिहून दिलेली औषधाची चिठ्ठीही. पुरानी दिल्लीच्या गल्ल्यांत हा शब्द दोन्ही अर्थांनी अजून ऐकू येतो.